साडूभाऊंना दिलेला चार-तीन

वालूर, ता. सेलू, जि. परभणी
८ डिसेंबर २०२४

आदरणीय साडूभाऊ बन्सीधरराव यांस धाकटा साडू सिताराम याचा सप्रेम जय भीम.

पत्र लिहायचं कारण, आपण फोन उचलत नाही. आजवर मी अकरा वेळा लावला. त्यात दोन वेळा बायनाबाईंनी उचलला. पहिल्या वेळी आपण झोपला होता, दुसऱ्या वेळी आपण बाहेर गेला होता, पण मागून आपला खोकला आला. (त्यावरून खोकला अजून बसलेला नाही हे कळलं. अडुळशाचा काढा घेता का? घ्यावा.) साखर तपासली का? बायनाबाईंचा गुडघा थंडीत धरतो का? चि. जीवनचं पुण्याला बरं चाललंय ना? इकडे मी, सौ. सुलाबाई, चि. सिद्धोधन आणि सूनबाई माधवी असे चौघं ठीक आहोत. मला उठताना जरा गरगरतं. सिद्धोधन म्हणतो रक्तदाब, डॉक्टर म्हणतात वय, आणि सुलाबाई म्हणते, "कायबी न्हाई, काळजी करून करून डोकं फिरायलंय तुमचं." तिचं बरोबर असावं, कारण सध्याची माझी काळजी आपणच आहात.

हे पत्र पोस्टात टाकलं तर कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून पाथरीला येणाऱ्या दत्ताच्या जीपबरोबर पाठवतोय. पत्र फक्त आपल्या हातात द्यायचं असं त्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "काका, लग्नाचं हाय का?" मी न्हाई म्हणालो. "कोर्टाचं?" तेही न्हाई. "मग एवढं कशाला घाबरायलाव?" त्याला काय सांगणार? बायनाबाईंनी सुलाबाईला कळवलंय की पुढच्या रविवारी जीवन आला की गच्चीवर चढून आपलं एरियल उतरवणार, ती तार मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधणार, ज्यावर आपण दोघं चौदा वर्षं रोज सकाळी बोललो तो हॅम रेडिओचा सेट फडक्यात गुंडाळून माळ्यावर जाणार आणि लायसन पुन्हा करून घ्यायचं नाही असं आपण ठरवलं आहे. साडूभाऊ, तांब्याची तार आहे ती. तिच्यावर पांढरे कपडे हिरवे पडतात. पण ते जाऊ द्या. असं आपण का ठरवलं हे मला ठाऊक आहे, आणि आपल्यालाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. दोष कुणाचा ते आपणच ठरवा. माझा निघाला तर मी कबूल करीन, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवात वाळवीपासून झाली. दुकान बंद केल्यावर, सेटवर कुणाशी कधी बोललो ते लिहायच्या माझ्या लॉगवह्या मी मागच्या खोलीत फळीवर ठेवल्या होत्या. (रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालत नाही म्हणून बंद केलं. लोक आता मोडलेली वस्तू दुरुस्त करत नाहीत, दुसरी आणतात.) यंदा उन्हाळ्यात एक वही काढली तर तिचा एक कोपरा मऊ लागला. उघडली तर निम्मं पान माती. मला रात्रभर झोप नाही. आपल्याला माहीत आहे, लायसनच्या नियमात लॉगवही ठेवायची अट आहे. अठ्ठावीस वर्षं मी सेट वापरतो, एकही अधिकारी वही बघायला वालूरपर्यंत आलेला नाही. पण नेमका आता आला, आणि म्हणाला, सिताराम, दाखव वही, तर मी काय दाखवू? वाळवी? सातवी शिकलेला माणूस तिसऱ्या खेपेला परीक्षा पास होतो तेव्हा त्याला ते लायसन पदवीसारखं असतं. घरी ते काच लावून टांगलंय. त्याच्यासमोर उभं राहून मी अधिकाऱ्याला काय उत्तर द्यायचं याचा सराव करत होतो, तेवढ्यात माधवी आली.

माधवी सेलूच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, हे आपल्याला सांगायला नको. तिनं वह्या पाहिल्या आणि म्हणाली, "मामा, एवढं कशाला जीव काढायलाव? सगळं कॉम्प्युटरवर घेऊ." मला वाटलं रंगीत चौकोन असतील, बाण फिरवायचा असेल. तसं काही नाही. तिनं जुना लॅपटॉप उघडला, त्यावर पाटीसारखा काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. तिथं हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. जगभरचे हॅम असे लॉग सांभाळायचे प्रोग्राम लिहितात आणि फुकट वाटतात म्हणे. नोंदी शोधायच्या, तारखेप्रमाणे लावायच्या, चुका काढायच्या, मोजायच्या, प्रत्येकाचा हुकूम वेगळा. मला इंग्रजी अक्षरं जुळवता येतात, शब्दांचा भरवसा नाही, म्हणून तिनं सगळे हुकूम एका वहीत उतरवून दिले आणि खाली मराठीत त्याचा अर्थ लिहिला. (म्हणजे वही जाऊन कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटर चालवायला वही आली. हे मी तिला बोललो नाही.)

या प्रोग्रामचा स्वभाव आपल्याला लगेच कळेल, कारण तो आपल्या सासऱ्यांवर गेलाय. काम बरोबर झालं तर तो एक अक्षर बोलत नाही. नुसती रेघ लुकलुकते. चुकलं तर मात्र ओळीच्या ओळी ओततो, आणि त्या सगळ्या तुमच्या चुकीबद्दलच असतात. मी पहिल्या दिवशी हुकूम दिला, तो गप्प. मी परत दिला, गप्प. तिसऱ्यांदा दिल्यावर माधवी स्वयंपाकघरातून ओरडली, "मामा, झालंय काम! गप्प बसला म्हणजे झालं!" आपली लग्नं झाल्यावर सासऱ्यांच्या ओसरीवर आपण दोघं असेच बसलो होतो, आठवतं? ते काही बोलत नव्हते आणि आपल्याला वाटत होतं जावई पसंत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. त्याला जगाची वेळ लागते. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे, म्हणजे आपली सकाळची सातची भेट त्याच्याकडे दीड वाजता होते. तेही मी पचवलं. पण मी उठतो पाच वाजता. पाचातून साडेपाच जात नाहीत, म्हणून तो मला आदल्या दिवशी ढकलतो. आठवडाभर मी चहा पिताना बेचैन होतो. मी सुलाबाईला म्हणालो, "आता आपण जो चहा प्यायलो तो काल प्यायलो." ती म्हणाली, "मग कपबशा काल धुतल्या असं समजून उठू का मी?" तिच्याशी या विषयावर बोलणं सोडलं.

वह्या उतरवताना मात्र माधवी थांबली. आपण रिटायर होऊन पाथरीला आलात, त्या मे २०१० पासून आपल्या रोजच्या बोलण्याच्या नोंदी मी कशा लिहिल्यात ते तिनं पाहिलं. पानाच्या पहिल्या ओळीवर आपलं कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं सेटवरचं नाव, मग सात मेगाहर्ट्झचा बँड, दिलेला रिपोर्ट पाच-नऊ, आलेला रिपोर्ट पाच-नऊ, शेरा: हवा, वीज, प्रकृती. त्याच्या खाली प्रत्येक ओळीला फक्त तारीख, आणि बाकीच्या रकान्यांत दोन-दोन टिंबं. वरीलप्रमाणे. पान संपलं की पुढच्या पानावर परत एकदा पूर्ण नाव आणि खाली वरीलप्रमाणे. चौदा वर्षं. माधवी म्हणाली, "मामा, हे टाइप करायला सोपंय. एक ओळ लिहिते, बाकी मशीनच भरंल." आणि खरंच, चौदा वर्षांची आपली बोलणी तिनं एका दुपारी संपवली. मला जरा लागलं, पण चूक माझीच. टिंबं मीच दिली होती.

सगळं भरून झाल्यावर मोजणीचा हुकूम दिला. एकूण नोंदी ५,२०६. त्यातल्या आपल्याशी ३,९१४. हा आकडा मी दोनदा वाचला. मग माधवीनं रिपोर्टांची वर्गवारी काढली, तर पाच-नऊ ५,२०६. बाकी सगळं शून्य. ती म्हणाली, हे पाच-नऊ म्हणजे काय? मी शिकवलं: पहिला आकडा शब्द किती स्पष्ट येतात त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरकस येतो त्याचा, नऊपैकी. ती हसली. "मामा, पाऊस असो, विजा पडो, गावची लाइट जाऊन बॅटरीवर असो, सगळ्यांना फुल मार्क? मी पोरांचे पेपर असे तपासले तर मला घरी बसवतील. मग तो रकाना कशाला ठेवलाय?"

साडूभाऊ, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. आपण दोघंही जाणतो की पाच-नऊ हा मान आहे. पाहुण्याला कुणी "जेवलात का, किती जेवलात, किती उरवलंत" असं विचारत नाही, तसंच हे. पण मला त्या अधिकाऱ्याची काळजी लागली. त्यानं ५,२०६ पाच-नऊ पाहिले तर तो म्हणणार, सिताराम, तू ऐकत तरी होतास का? त्या रात्री मी ठरवलं, उद्यापासून जे कानाला येईल तेच लिहायचं. आणि माझं नशीब असं की दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, सकाळी सात वाजता पहिले आपण आलात.

पुढचं आपल्याला पाठ आहे, तरी माझ्या बाजूनं लिहितो. त्या दिवशी सेटवर सगळी चावडी भरली होती. लातूरकर होते, नांदेडकर होते, हिंगोलीचे ते नवीन मास्तर होते. आपण म्हणालात, "सितारामराव, माझा आवाज कसा येतो?" खरं तर हा विचारायचा प्रश्नच नव्हे, चौदा वर्षं आपण तो विचारता आणि मी श्वास न घेता उत्तर देतो. मी म्हणालो, "साडूभाऊ, आज चार-तीन." मग लातूरकर म्हणाले, "सितारामजी, परत एकदा ऐका बरं, माझ्याकडं तर ते गल्लीत उभं राहून बोलल्यासारखे यायलेत." मला तिथंच थांबता आलं असतं. पण माझा स्वभाव असा की एकदा घाबरलो की मी जास्तच ठाम होतो. म्हणालो, "न्हाई, चार-तीन. लॉगमध्ये खरं लिहायचं ठरवलंय." आपण म्हणालात, "बरं. लिहून घ्या." आणि मग सर्वांना त्र्याहत्तर म्हणालात. त्र्याहत्तर म्हणजे हॅम लोकांचा निरोपाचा नमस्कार, तो आपण रोजच म्हणता, पण त्या दिवशी तो टपाल खात्याच्या शिक्क्यासारखा बसला. सेट बंद झाल्याचा टक आवाज आला. त्याला आज सत्तेचाळीस दिवस झाले.

माझं म्हणणं एवढंच होतं की चार-तीन ही काही शिवी नव्हे. ती मोजणी आहे. आपल्या एरियलच्या मधल्या जोडाला पावसाचं पाणी शिरलं असेल, केबल आतून काळी पडली असेल, गच्चीवर माकडं येतात म्हणता तर त्यांनी तार ओढली असेल. मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, मला दोष दिसला की राहवत नाही. आपण एकदा जोड सोडून, सँडपेपरनं घासून, पुन्हा डाग देऊन पाहायला हवा होता, असं माझं मत होतं आणि ते मी त्या अकरा फोनांमध्ये सांगणार होतो. सुलाबाईला सांगितलं तर तिनं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत चार-तीन म्हणालाव, अन् आता त्याचीच तार खराब म्हणायलाव? लय शहाणे." चार-तीन म्हणजे काय हे तिला माहीत नाही, पण किती लागलं ते तिला बरोबर कळलं.

मी रोज सातला सेटसमोर बसतो. आपण नाही म्हटल्यावर बाकीच्यांशी काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून मी लवकर उठून लॅपटॉपकडे येतो. असाच परवा आलो. वाळवीच्या भीतीनं मी काही वह्या पूर्वीच दुसऱ्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या, आणि माधवीनं दोन्ही भरल्या, त्यामुळे काही दिवस दोनदा आले होते. दुबार नोंदी काढायचा हुकूम माधवीच्या वहीत होता. लांबलचक. त्यात कॉलसाइन, बँड, तारीख, वेळ अशी चार नावं ओळीनं लिहायची होती. मी दोन लिहिली आणि थांबलो. मला वाटलं, मी काही त्याला तारीख विचारत नाही, वेळही विचारत नाही, मला फक्त दुबार काढायचंय, मग उगीच कशाला सगळं सांगत बसायचं? तारीख आणि वेळ गाळून एंटर दाबलं. (दुकानात गिऱ्हाईक रेडिओबरोबर घरची हकीकत सांगायला लागलं की मी म्हणायचो, तेवढं राहू द्या, दोष सांगा. तीच सवय.) तो गप्प बसला. मी समाधानानं पाणी प्यायलो. गप्प म्हणजे झालं.

मग मोजणी केली. ३८८.

मला वाटलं चष्मा. चष्मा पुसला. ३८८. आपलं नाव टाकून शोधलं. एक. ३,९१४ च्या जागी एक. तारीख न सांगितल्यामुळे त्यानं फक्त माणूस आणि बँड पाहिला, तोच माणूस तोच बँड म्हणजे तीच नोंद, मग एक ठेवून बाकी काढल्या. तो जुन्या काढतो आणि शेवटची ठेवतो, हे वहीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. आपली शेवटची नोंद कोणती ते मी लिहायची गरज नाही. पडद्यावर एकच ओळ होती. आपलं कॉलसाइन, २२ ऑक्टोबर, दीड वाजता, चार-तीन.

साडूभाऊ, पहिल्यांदा राग आला, की यंत्राला माणसाची किंमत नाही. मग विचार केला, त्याचं काय चुकलं? मी स्वतःच खाली टिंबं देत होतो. रोज सकाळी आपण दोघं बोललो आणि रोज मी लिहिलं, कालच्यासारखंच. यंत्रानं ते खरं मानलं. मी वह्या काढल्या, म्हटलं आठवून आठवून एकेक ओळ परत भरू. २०१३ चं एक पान घेतलं. एकतीस सकाळी. एकतीस वेळा हवा, वीज, प्रकृती. त्यातली एकही सकाळ मला आठवेना. ज्या दिवशी सिद्धोधनची नोकरी लागली त्या दिवशी मी आपल्याला काय सांगितलं? बायनाबाईंचं ऑपरेशन झालं त्या सकाळी आपण सेटवर आला होता एवढं आठवतं, का आला होता ते आठवत नाही. दवाखान्यात जायच्या आधी दहा मिनिटं आपण माझ्याशी बोललात, आणि मी लिहिलं, वरीलप्रमाणे. माझी आई गेली त्या आठवड्यातल्या ओळींनाही टिंबंच आहेत. वर काय होतं, तर हवा. इतकं बोलून माझ्याकडे काही शिल्लक नाही असं पाहून मला घाबरायला झालं, आणि हे घाबरणं नेहमीसारखं नव्हतं. नेहमी मी पुढे काय होईल याला घाबरतो.

म्हणून विनंती अशी. आपली वही माझ्यासारखी नाही. आपलं अक्षर मोत्यासारखं, आणि आपण शेऱ्याच्या रकान्यात दोन-तीन शब्द रोज वेगळे लिहिता, हे मी पाथरीला आलो तेव्हा पाहिलंय. (तेव्हा मी मनात म्हणालो होतो, हे रिटायर लोक, यांना वेळ आहे.) त्या वह्या महिनाभर मला द्याव्यात. दत्ताच्या जीपमधून नकोत, तो सीटखाली टाकील. मी स्वतः येतो, नाहीतर आपण घेऊन या. आपल्या वहीवरून मी माझी वही भरीन, प्रत्येक सकाळ सुटी सुटी, एकही टिंब न देता. नियमानंसुद्धा दोघांच्या लॉगमध्ये नोंद मिळाली तरच भेट झाली असं मानतात. माझ्याकडची पुसली गेलीय, आपल्याकडची माळ्यावर गेली तर चौदा वर्षं आपण बोललो नव्हतो असंच होईल. तेवढ्यासाठी तरी जीवनला रविवारी गच्चीवर जाऊ देऊ नये.

बायनाबाईंना जय भीम सांगावा. जीवनला आशीर्वाद. आपला राग आपल्या जागी राहू द्या, पण काढा घ्यावा.

आपला,
सिताराम

ता.क. वरचं पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात माधवी बाहेरून आली. तिला सांगितलं. ती घाबरली नाही की ओरडली नाही, उभ्या उभ्या दोन शब्द टाइप केले आणि पाण्याला गेली. मोजणी केली तर सगळ्या जागच्या जागी, जुन्या ५,२०६ आणि त्यानंतरच्या थोड्या. हा प्रोग्राम काही पुसायच्या आधी जुन्या फाइलची नक्कल बाजूला ठेवतो म्हणे. हे त्यानं मला सांगायला हवं होतं, पण गप्प राहिला. त्यामुळे वह्यांची आता तशी गरज नाही. तरी आणाव्यात. पत्र परत लिहिणार नाही, हात दुखतो.

ता.क. दुसरं. सुलाबाईनं पत्र वाचून घेतलं. (मला मोठ्यानं वाचायला लावलं.) ती म्हणाली, "एवढं सगळं लिहिलंव अन् खरं ते लिहिलंच न्हाई. लिहा, न्हाईतर मी बायनाला फोन लावते." म्हणून लिहितो. २२ तारखेनंतर लातूरकरही मला चार-तीनच यायला लागले. मग नांदेडकर. मग हिंगोलीचे मास्तर तर तीन-दोन. एवढ्या सगळ्यांच्या तारा एकाच आठवड्यात खराब होत नाहीत, एवढं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला कळतं. त्यांना मी पाच-नऊच देत राहिलो, भांडण नको म्हणून, आणि पुष्कळदा ते काय म्हणाले तेच कळत नसे. परभणीला जाऊन कान दाखवले. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. डॉक्टरांनी कागद दिला. माणसाचा आवाज येतो, शब्द गळतात, दोन्ही कानांना, आणि गेलेलं परत येत नाही. यंत्र लावून घरात जमेल, पण सेटवरच्या खरखरीत नाही जमणार. आपला जोड ठीक आहे. तार ठीक आहे. आपला आवाज त्या दिवशी पाच-नऊ होता. मला तो तसा आला नाही, एवढंच. घरात सुलाबाईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आता आपल्याला.

ता.क. शेवटचं, आणि हेच सांगायचं होतं. त्या काचेच्या खोलीत बारीक आवाजाची पिपाणी मला एकही ऐकू आली नाही, पण जाड आवाजाची प्रत्येक ऐकू आली, अगदी हळू वाजवली तेव्हासुद्धा. डॉक्टरांना नवल वाटलं. मला मात्र आपण आठवलात. आपण परभणीच्या तारघरात अडतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर. आपण रिटायर झाल्यावर मला ती शिकवायला निघाला होता, आणि मी म्हणालो होतो, तोंड असताना टकटक कशाला? आता कळतं कशाला. मोर्सचा स्वर सेटवर हवा तेवढा जाड करता येतो. आपण मोर्समध्ये बोला, मी तोंडानं उत्तर देईन. रिपोर्टची काळजी नसावी. मोर्सला तीन आकडे असतात, स्वराचा एक वेगळा, म्हणजे आपल्याला पाच-नऊ-नऊ देता येईल, आणि ते खरं असेल. माधवीनं काळ्या पडद्यावर एक हुकूम करून दिलाय: अक्षर लिहिलं की ते जाड आवाजात वाजतं. बारा दिवस त्यावर बसतोय. म्हातारपणी डोक्यात फार राहत नाही, पण आपल्या कॉलसाइनची सहाही अक्षरं आता ओळखतो. (पहिली दोन सगळ्या देशाची सारखीच, म्हणजे मेहनत चारचीच झाली.) त्यापुढे मला एकही अक्षर येत नाही, माझं स्वतःचं कॉलसाइनसुद्धा पुरतं नाही. म्हणजे रविवारी सकाळी सातला मला दुसऱ्या कुणी हाक मारली तर कोण आहे ते कळणार नाही. आपलं कॉलसाइन सावकाश पाठवा. आपण असलात तर कळेल.